डिस्कमधली कानबाई

माझं आडनाव वैद्य आणि धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. सुरतेतल्या गिऱ्हाइकांना चेष्टेला एवढं भांडवल पुरेसं होतं. "वैद्यभाई, पेशंट सिरियस छे," असाच फोन यायचा. मी गेलो की घरातली म्हातारी माणसं अदबीने खुर्ची पुढे करायची आणि मी पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला की त्यांचा चेहरा पडायचा. वडिलांच्या बँकेतल्या बदलीने आम्ही साताऱ्याहून सुरतेला आलो. ते निवृत्त होऊन परत गेले, मी उधन्याला दुकान थाटून राहिलो. नव्वदचं दशक सगळं त्या दुकानात गेलं. आता दुकान नाही, कंबरही पहिली राहिली नाही, आणि संपादकांना वाटतं की माझ्याकडे गमतीजमतींचा साठा असेल. तो आहे. पण आठवायला बसलं की गमती मागे राहतात आणि भलतीच गोष्ट पुढे येऊन उभी राहते. तीच सांगतो. त्याआधी धंदा थोडा समजावून द्यावा लागेल.

त्या काळचा कॉम्प्युटर चालू करताना काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायची. मशीन आपली स्मृती तपासायचं, मग डिस्ककडे जाऊन "काय करू?" असं विचारायचं. डिस्कने उत्तर दिलं तर पुढचं सगळं सुरळीत. नाही दिलं तर पडद्यावर डिस्क एररची एक ओळ यायची आणि मशीन तिथेच बसकण मारायचं. निम्म्या वेळा काहीही झालेलं नसायचं. कोणीतरी फ्लॉपी आत विसरलेली असायची, मशीन मुख्य डिस्क सोडून त्या फ्लॉपीलाच विचारत बसायचं. मी जाऊन बटण दाबायचो, फ्लॉपी टुपकन बाहेर यायची आणि घरात दिवाळी व्हायची. "हाथ लगाड्यो ने चालू!" अशी माझी जी ख्याती झाली, ती बहुतांशी या विसरलेल्या फ्लॉप्यांच्या जिवावर.

रिंग रोडवरच्या एका साडीवाल्याने लक्ष्मीपूजनाला कॉम्प्युटरलाही कुंकू लावलं आणि अक्षता वाहिल्या, त्या नेमक्या फ्लॉपीच्या फटीतून आत. चिमट्याने एकेक दाणा काढताना शेटजी शेजारी हात जोडून उभे होते. आणखी एक खोड सगळ्या सुरतेला होती. डिस्क वाचता वाचता अडली की मशीन विचारायचं, काम सोडून देऊ, पुन्हा प्रयत्न करू, की फेल समजू? त्यासाठी तीन अक्षरं होती. धंद्याच्या गादीवर बसून 'फेल'चं बटण दाबेल असा व्यापारी मला भेटला नाही. सोडून द्यायचं बटणही अपशकुनी. मग लोक पुन्हा प्रयत्नाचंच बटण दाबत बसायचे, आणि तेच सगळ्यात वाईट.

का वाईट, ते सांगतो. हार्ड डिस्क म्हणजे बंद लोखंडी डबी. आत आरशासारख्या चकचकीत तबकड्या भिंगरीसारख्या फिरतात आणि त्यांच्यावर वाचणारं एक डोकं अधांतरी तरंगतं. ते तबकडीला टेकत नाही, टेकता कामा नये. टेकलं की ओरखडा, आणि ओरखड्याखाली जे लिहिलेलं असेल ते गेलं. म्हणजे जखमी जागेवर डोकं पुन्हा पुन्हा पाठवणं हे खपलीवर नख मारण्यासारखं. आमचा पहिला नियम एकच होता. डिस्क अडली की हात काढा, मशीन बंद करा आणि देव आठवा. लोक देव आधीच आठवत, हात मात्र काढत नसत.

सुरतेत डिस्कला शत्रू फार. वीज कमीजास्त होते ती एक, आणि मागांची रुई पंख्याच्या जाळीत बसून मशीन आतून तापतं ती दुसरी. पण सगळ्यात बेरकी शत्रू थरथर. यंत्रमागाच्या शेडवर किंवा शेजारी राहणाऱ्यांना ती कळतसुद्धा नाही इतकी अंगवळणी पडलेली असते. डिस्कला कळते.

किशोर पाटील माझ्याकडे आला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. तिशीच्या आतला, अंगाने बारीक, शर्ट नीट इस्त्रीचा. भेस्तानला त्याची मराठी टायपिंगची छोटी जागा होती. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, वाढदिवसाचे फलक. खानदेशातून सुरतेत मागावर कामाला आलेल्या माणसांची सगळी छपाई त्याच्याकडे. त्याचे वडीलही मागावरच जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. ते गेल्यावर आईने, जिजींनी, त्याला मागाच्या शेडमध्ये पाऊल टाकू दिलं नाही, शिकवलं. हे त्याने मला पहिल्या भेटीतच सांगितलं, कारण त्याला मशीनबद्दल बोलायचंच नव्हतं. तो आईबद्दल बोलत होता.

"साहेब, मशीन गेलं तर जाऊ दे. नवीन घेईन कसं तरी. त्यात जिजीची गाणी आहेत."

मला वाटलं, टेप केलेली. पण नाही, टाईप केलेली.

खानदेशातल्या माणसांची कानबाई ही देवी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरी बसते. नारळाला डोळे, नथ, साडी, दागिने करून तिला पाटावर मांडतात, गव्हाचे रोट करतात, रात्रभर बायका गातात आणि सोमवारी तिला नदीवर पोचवतात. पोटासाठी माणसं तापीच्या वरच्या अंगाकडून खालच्या अंगाला आली, तशी कानबाईही त्यांच्यामागे सुरतेला आली. उधना, लिंबायत, भेस्तान, जिथे मागांचा आवाज तिथे कानबाई. आणि भेस्तानात कानबाई बसली की बोलावणं जिजींना. त्यांना जितकी गाणी येत तितकी कोणालाच येत नव्हती. ती अहिराणीत होती, त्यांना त्यांच्या आजीकडून आलेली. बाकीच्या बायका त्यांच्या मागून ओळ ओढत. जिजी नसल्या की दोन गाण्यांनंतर कॅसेट लागे.

किशोरला वाटलं, हे छापून ठेवू. पुस्तकावर आईचं नाव घालू. आदल्या वर्षी होळीपासून जिजी रोज दुपारी भाकरी झाल्यावर गाणी सांगत बसल्या आणि किशोरची बायको सुनंदा कागदावर उतरवून घेऊ लागली. किशोर ते टाईप करी. कानबाईच्या सणापर्यंत सगळं कॉम्प्युटरमध्ये गेलं.

"मग कागद कुठे आहेत?" मी विचारलं.

तो खाली बघायला लागला. "तापीत."

"तापीत कसे?"

"साहेब, रद्दीत कसे देणार? देवीची गाणी ती. उद्या कोणी त्यात भजी बांधून दिली म्हणजे? जिजीच म्हणाली, बाईचं बाईसोबत जाऊ दे. हळदकुंकू लावून विसर्जनाला सोडले."

मी कपाळाला हात लावला. धंद्यात मी कागद जळालेले, वाळवीने खाल्लेले, उंदराने कुरतडलेले ऐकले होते. श्रद्धेने नदीत सोडलेले पहिल्यांदाच ऐकत होतो. पण त्याच्या जागी दुसरं कोणी असतं तर काय केलं असतं? आमच्याकडेही जुनी पोथी कोणी रद्दीवाल्याच्या तराजूत घालत नाही. कॉम्प्युटरमध्ये एकदा गेलं की कायमचं राहिलं, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटायचं. फ्लॉपीवर एक प्रत त्याने केली होती, तिला सुरतेच्या दमट हवेने बुरशी धरली होती. पांढरे ठिपके मला उजेडात धरल्याबरोबर दिसले.

"जिजींना पुन्हा सांगायला लावा की," मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो नसतो तर बरं झालं असतं.

थंडीत जिजींना लकवा झाला होता. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

मशीन जागेवर बघावं म्हणून मी भेस्तानला गेलो. खाली मागाची शेड, वर जिना चढून किशोरचं घर आणि त्याच खोलीच्या पुढच्या अर्ध्या भागात टायपिंगची जागा. सुनंदाने चहा टेबलावर ठेवला तर चहावर बारीक लाटा. थांबेचनात. मी किशोरकडे पाहिलं, त्याला त्यात वेगळं काही दिसत नव्हतं. त्या टेबलावर डिस्क इतके दिवस टिकली हेच नवल. आणि शेवटी ती अडली तेव्हा किशोरने तेच केलं होतं जे सगळी सुरत करायची. पुन्हा प्रयत्न, पुन्हा प्रयत्न, मग बंद करून चालू, पुन्हा तेच.

मशीन सुरू केलं. आतून खट्‌... खट्‌... असा आवाज आला, डोकं जागा शोधतंय आणि सापडत नाही. पडद्यावर डिस्क एररची ओळ. मी लगेच बंद केलं.

भिंतीशी खाटेवर जिजी होत्या. अंगाने हाडकलेल्या, कपाळ मोठं, नाकात मोरणी. डोळे मात्र शाबूत, तरतरीत, प्रत्येकाच्या मागे फिरणारे. मी नमस्कार केला तर डावा हात थोडा उचलला. सुनंदा पदर सावरत पुढे आली आणि कानात सांगावं तशी हळू म्हणाली, "भाऊ, जिजीना बठा गाना त्यामा सेतस. कसं बी करा."

सगळी गाणी त्यात आहेत, काहीही करा. अहिराणी मला तेव्हा धड येत नव्हती, पण एवढं कळायला भाषा लागत नाही. मी "बघतो" म्हणालो. आमच्या धंद्यात "बघतो" याचा अर्थ सहसा "नाही" असाच असतो. मी त्या दिवशी तो शब्द खरोखर बघण्याच्या अर्थाने वापरला.

डिस्क काढून दुकानात आणली. अशा डिस्कवरून मशीन सुरू करायचा हट्ट धरायचा नसतो. दुसऱ्या, धडधाकट मशीनला ती दुय्यम म्हणून जोडायची. म्हणजे विचारणारा दुसरा, आणि हिने फक्त विचारलेल्याचं उत्तर द्यायचं, तेही जमेल तेवढंच. तिची अनुक्रमणिका, म्हणजे कुठली फाईल कुठे ठेवली आहे त्याची यादी, नेमकी ओरखड्याखाली गेली होती. त्यामुळे नावाने काहीच मागता येईना. मग तबकडी सुरुवातीपासून तुकड्यातुकड्याने वाचायची, वाचलेला तुकडा दुसरीकडे उतरवायचा, अडलं की सोडून पुढे जायचं. तापली की खट्‌खट्‌ वाढे, म्हणून सकाळी गारव्यात थोडं काम, वर टेबलफॅन, मग विश्रांती. दुकानातली बाकीची कामं मी मागे टाकली. आमचं कधी बघणार म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. "वैद्यभाई, अमारो पेशंट क्यारे जोशो?" मी म्हणायचो, आयसीयूत आहे एक.

किशोर अधूनमधून येऊन स्टुलावर बसे. देव पाण्यात घालून बसणं म्हणतात ते काय, ते मी त्याच्याकडे बघून शिकलो. श्रावण जवळ येत होता आणि यंदा कानबाईपुढे पुस्तक ठेवायचं असं त्याने आईला कबूल केलं होतं. तोंड बंद झालं तरी तिची गाणी तिच्या कानांवर पडली पाहिजेत, एवढंच त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी त्याला फार आशा दिली नव्हती. पुढच्या कानबाईला आई असेलच असं तो धरून चालत नव्हता.

एका सकाळी पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा आला. मध्येच कंस, टक्क्याची खूण, आकडे, उद्गारचिन्हं. नवखा असता तर कचरा म्हणून पुढे गेला असता. पण तेव्हाचं मराठी टायपिंग असंच असायचं. आत साठवलेलं सगळं इंग्रजीच, वर फक्त मराठी फॉन्टचा मुखवटा. फॉन्ट काढून घेतला की खाली हा चिवडा. आणि ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा, एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'ळ'. किशोरचा फॉन्ट डिस्कच्या मेलेल्या भागात गेला होता.

तरी मला ओळखू आलं. काही ओळींनंतर तोच चिवडा पुन्हा यायचा, अगदी अक्षराला अक्षर, पुन्हा काही ओळींनंतर तोच. ते धृपद होतं. वाचता येत नव्हतं, पण गाणं आहे हे दिसत होतं. त्या दिवशी मी दुकानात एकटाच हसलो असेन. इतक्या वर्षांच्या धंद्यात मला स्वतःचं कौतुक वाटलं असे प्रसंग फार नाहीत, त्यातला हा एक.

फॉन्टसाठी कतारगामला गेलो. किशोरने तो तिथल्या एका छापखानेवाल्याकडून घेतला होता. छापखानेवाला सज्जन. मी सगळी हकीकत सांगायला लागलो तर म्हणाला, "माताजीनां गीत छे ने? तो लई जाओ ने, पूछवानुं शुं?" आणि विचारण्यासारखं काय त्यात म्हणत फ्लॉपी हातावर ठेवली.

किशोर समोर असतानाच मी तो फॉन्ट चढवला आणि चिवड्यावर लावला. एका क्षणात पडदा मराठी झाला. किशोर स्टुलावरून उठला, पडद्याला हात लावला, तोच हात कपाळाला लावला आणि ढसाढसा रडायला लागला. माझेही डोळे भरले, लपवण्यात अर्थ नाही. जवळजवळ सगळी गाणी आली होती. कुठे एखादं कडवं ओरखड्याने खाल्लं होतं तेवढंच.

मी वाचत गेलो. सोपी, गोड भाषा, एकही शब्द अडला नाही. मला बरं वाटलं की मलाही सगळं कळतंय.

पुस्तक झालं. पातळ, पिवळ्या मुखपृष्ठाचं, वर जिजींचं नाव. कानबाईच्या रविवारी किशोर स्वतः बोलवायला आला आणि मी दुपारीच भेस्तानला गेलो. शेड त्या दिवशी बंद होती, त्यामुळे घर पहिल्यांदाच स्थिर वाटलं. पाटावर कानबाई बसली होती, नारळाच्या तोंडाला मोठी नथ, डोळे थेट बघणारे. रोटांचा वास होता. गल्लीतल्या बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. जिजींची खाट कानबाईच्या समोर येईल अशी ओढली होती. किशोरने एकेक पुस्तक आधी देवीपुढे, मग जिजींच्या डाव्या हाताखाली आणि मग बायकांना दिलं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी उघडलं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीला लंगडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच. चाल पुढे जात होती आणि शब्द तिच्यात बसत नव्हते. बायका एकमेकींकडे बघून हसल्या, मग हसणं थांबलं. त्यांच्यातली एक पोक्त बाई, मागाच्या खात्यात सुताच्या कांड्या भरणारी, शेजारणीकडून वाचून घेत होती. तिने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"हाई आमनी बाईनं गानं नही," ती म्हणाली. "हाई ते शाळाना मास्तरनं गानं से."

ती कोणाला दुखवायला बोलली नव्हती. तिला जे दिसलं ते तिने सांगितलं. आमच्या बाईचं हे गाणं नव्हे, शाळामास्तरचं आहे.

मी किशोरकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"किशोर, जिजी असंच म्हणायच्या?"

"अर्थ हाच साहेब. अर्थ एक कणभर बदलला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "छापायचं म्हणजे शुद्ध नको का? मी म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकलो. 'उनी' म्हटलं की गुरुजी सगळ्या वर्गापुढे उभं करायचे. म्हण, आली. म्हण, आली. आईच्या नावाचं पुस्तक, ते लोकांनी हसत वाचावं असं कसं होऊ देऊ?"

म्हणून त्याने 'उनी'चं 'आली' केलं होतं, 'मन्ही'चं 'माझी', 'तुन्हा'चं 'तुझा'. शब्द बदलल्यावर यमक तुटलं, तेव्हा यमकासाठी नवीन ओळी घातल्या होत्या. भक्त, मन, आनंद, उद्धार. हे जिजींचे शब्द नव्हतेच. मला वाचताना एकही शब्द अडला नाही त्याचं कारण आता कळलं. ती गाणी माझ्यासारख्यांसाठीच धुऊन काढली होती.

सुनंदा खाटेपाशी बसून जिजींच्या कानाशी पुस्तकातलं गाणं म्हणत होती, बाकीच्यांचं काय बिनसलंय याच्याकडे लक्ष न देता. जिजींचे डोळे आधी तिच्या तोंडावर होते. मग ते हळूहळू सुटले, वर पंख्याकडे गेले आणि तिथेच राहिले. आपल्याशी कोणी बोलत नसलं म्हणजे माणूस जसा दुसरीकडे बघतो तसे. चादरीवरचा त्यांचा डावा हात हललासुद्धा नाही.

किशोर मला हाताला धरून गॅलरीत घेऊन गेला.

"साहेब, तुम्ही म्हणाला होता ना, पुसलेलं सुद्धा डिस्कवर खाली कुठेतरी राहतं? शोधता येतं?"

"येतं कधीकधी."

"मग शोधा ना. आधीचं, जिजीचं. खाली असेल."

"तू आधी तसंच टाईप केलं होतंस का? जिजींचे शब्द जसेच्या तसे, आणि मग दुरुस्त केलंस?"

खाली रस्त्यावरून दुसऱ्या कोणाची तरी कानबाई घरी बसवायला डोक्यावर घेऊन बायका चालल्या होत्या.

"नाही," तो म्हणाला. "कागद बाजूला ठेवून वाचायचो आणि डोक्यातच शुद्ध करून टाईप करायचो."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी डिस्कच्या तबकडीचा कोपरा न्‌ कोपरा चाळला असता तरी जे तिच्यावर कधी लिहिलंच गेलं नाही ते मला कुठून मिळणार होतं? ओरखडे, थरथर, बुरशी, सगळ्यांवर मात करून मी जे परत आणलं ते अगदी बरोबर होतं. डिस्कने घेतलेलं सगळं इमानाने परत दिलं होतं. खरी गाणी तिच्याकडे कधी आलीच नव्हती. ती हळदकुंकू लावून तापीत गेली होती, आणि दुसरी प्रत त्या खाटेवर होती, कुलूप लावलेली. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. फक्त नाही म्हणून मान हलवली. तो कठड्याला धरून उभा राहिला.

आत आलो तेव्हा सुनंदाने पुस्तक बाजूला ठेवलेलं होतं.

"मी लिहिलं होतं की हातानं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "जिजी सांगायच्या, मी लिहायची. नंतर यांनी पडद्यावर केलं तेव्हा तपासायला मलाच बसवलं. मी म्हटलं, असं नव्हतं. हे म्हणाले, पुस्तकात असंच लागतं. मग मी तेच वाचत राहिले, कितीदा तरी." ती जिजींकडे वळली. "थांबा जिजी. माले याद से."

तिने डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हटलं,

"तापीना काठवर माय मन्ही उनी..."

चाल पट्‌कन बसली. जिजींची नजर पंख्यावरून खाली आली. डोळे सुनंदाच्या तोंडावर येऊन थांबले, ओठांचा डावा कोपरा हलला आणि चादरीवर डाव्या हाताची बोटं ठेका धरायला लागली. किशोर दारात होता, तो तिथेच खाली बसला.

सुनंदाने पुन्हा तीच ओळ म्हटली, पुढची यावी म्हणून. पुढची ओळ 'उनी'ला जुळणारी होती, एवढं तिला ठाऊक होतं. ओठ हलले. आली ती पुस्तकातली.

"भक्तांच्या मनाला..."

ती थांबली. मान जोरात हलवली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा तेच तोंडात आलं. "हाई नही, हाई नही," असं स्वतःलाच म्हणत तिने तिसऱ्यांदा धरलं, तेव्हा तिचा आवाज फुटला. मग तिने त्या पोक्त बाईकडे पाहिलं. ती बाई म्हणाली, "आमी मागेमागे म्हनूत. पुढलं जिजीलेच येये."

पुढचं जिजींनाच यायचं. सगळ्या बायका जिजींकडे बघायला लागल्या. आणि जिजी सुनंदाकडे. त्यांची बोटं ठेका धरून होती, थांबली नव्हती. सून अडली आहे, आता पुढची ओळ म्हणेल, अशा खात्रीने त्या तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत राहिल्या.